अंड्याचं काम करणारी वऱ्हाडी धान्यं

टोमॅटो ऑम्लेट मागवा, त्यात अंडं नसतं. महाराष्ट्रात हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कोणाला नवल वाटत नाही. बेसन, टोमॅटो, कांदा, मिरची, तव्यावर थोडं तेल, आणि उलथनं घातलं की धिरडं अखंड सुटून येतं. वर चिमूटभर काळं मीठ पडलं तर वाससुद्धा अंड्याचा. कारण उकडलेल्या अंड्यात जो गंधकाचा वायू असतो, तोच या मिठातही अंशाने असतो.

वऱ्हाडातल्या चांदूर बाजारकडे हा विषय नुसत्या हौसेचा नाही. याच तालुक्यातलं माधान म्हणजे संत गुलाबराव महाराजांचं (१८८१–१९१५) गाव. शेजारच्या मोर्शी तालुक्यात महानुभाव पंथाचं रिद्धपूर. माळकरी आणि महानुभाव घरांत अंडं ओट्यावर येत नाही, पण वाढदिवसाला पोरांना केक हवाच असतो. मग भांड्यात डोकावणारं एखादं पोरगं विचारतं, “अंडं नाही टाकलं तं केक फुगते कसा?” प्रश्न अगदी बरोबर आहे.

आधी अंडं करतं काय ते पाहू. कवच सोडलं तर साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात ३७-३८ ग्रॅम निव्वळ पाणी, सहा ग्रॅम प्रथिनं आणि पाच ग्रॅम स्निग्धांश. एवढ्याशा ऐवजात ते मिश्रण बांधतं, हवा कोंडून फुगवतं, तेल आणि पाण्याला एकत्र नांदवतं, वर ओलावाही देतं. त्याच्या प्रथिनांचे रेणू सुताच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. फेटलं किंवा तापवलं की ते उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. पांढऱ्यातलं पहिलं प्रथिन ६० अंशांच्या थोडं वरच घट्ट होऊ लागतं, मुख्य प्रथिनाला मात्र ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. केक भट्टीत टप्प्याटप्प्याने घट्ट होतो तो त्यामुळे.

इतकी कामं एकटी करणारी दुसरी वस्तू स्वयंपाकघरात नाही. म्हणून “अंड्याऐवजी काय घालू?” हा प्रश्नच अर्धा आहे. अंड्याचं कोणतं काम हवंय, ते आधी ठरवायला हवं. आणि गंमत अशी, की त्यातल्या जवळपास प्रत्येक कामाला या भागातल्या शिवारात कोणी ना कोणी तयार आहे.

सर्वांत थक्क करतो तो हरभरा. डिसेंबर २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवलं, की शिजवलेल्या कडधान्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. मार्च २०१५ मध्ये गूस व्होल्ट या अमेरिकन माणसाने काबुली हरभऱ्याचं पाणी आणि साखर एवढ्यावरच ‘मेरिंग’ नावाची पांढरीशुभ्र फेसाची मिठाई उभी केली आणि त्या पाण्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ नाव दिलं. जगभर गाजावाजा झाला. आपल्याकडे हेच पाणी पिढ्यान् पिढ्या बाजूला काढून ठेवतात, त्याला कट म्हणतात आणि त्याची आमटी करतात! शिजताना दाण्यातली काही प्रथिनं, पिष्ट आणि सॅपोनिनं पाण्यात उतरतात. डाळ उतू जाताना वर जो फेस येतो, तो याच मंडळींचा. मात्र पुरणाची डाळ शिजवताना बरेच जण हळद-तेल घालतात आणि तेल हा फेसाचा वैरी. कटाची ही करामत आपल्या डोळ्यांआड राहिली ती कदाचित त्यामुळेच.

करून पाहायचं असेल तर काबुली हरभरे रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून ताज्या पाण्यात मीठ न घालता शिजवा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. नंतर ते पाणी गाळून, अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत होईपर्यंत आटवा. दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचा पांढरा, तीन म्हणजे पूर्ण अंडं. कोरड्या, तेलाचा थेंबही नसलेल्या भांड्यात दोन थेंब लिंबू पिळून फेटत राहा. देशी हरभऱ्याचंही पाणी फेसाळतं, फक्त रंग तपकिरी येतो.

बांधून ठेवायला जवस. त्याच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी धरून ठेवतो. एक मोठा चमचा पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की तार सुटते. चटणीसाठी भाजतो तसं मात्र भाजू नका. कटलेट, बिस्किटं, जाडसर केक यांना हे चालतं. हलक्या स्पंजला नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. तेल-पाण्याची सोयरीक जमवणारं लेसिथिन एकोणिसाव्या शतकात गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने वेगळं काढलं ते अंड्याच्या बलकातून. आज कारखान्यांना ते मुख्यतः सोयाबीन तेल शुद्ध करतानाच मिळतं. चॉकलेटच्या वेष्टनावर वाचून पाहा.

आणि पातोडी? उकळत्या फोडणीच्या पाण्यात बेसन घोटून ताटात थापलं की वड्या पडतात. अंडं तापून घट्ट होतं, पातोडी निवून. तिथे कामाला येतं ते मुख्यतः पिष्ट. परिणाम मात्र तसाच, सुरीने कापता येईल असा.

फुगवण्याचं काम उरलं, ते खायचा सोडा आणि आंबट पदार्थ मिळून करतात. दोघं भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटतो. आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा केकला साबणाची चव देतो. ‘अजून फुगावा’ म्हणून वाढवलेल्या सोड्यानेच बिनअंड्याच्या केकची बदनामी केली आहे.

एक-दोन अंड्यांच्या कृतीत हे पर्याय निभावतात. सहा अंडी फेटून उभ्या राहणाऱ्या स्पंजची नक्कल करू नये, फजिती होते. त्यापेक्षा संत्र्याचा रवा केक करावा. चांदूर बाजार संत्र्याच्या पट्ट्यातलं. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर. दोन वाट्या रवा दही, साखर, तुपात अर्धा तास भिजवा. संत्र्याचा रस आणि किसलेली साल घाला, सालीचा पांढरा भाग नको. अर्धा लहान चमचा सोडा अगदी शेवटी टाकून भांडं लगेच कुकरमध्ये ठेवा. कुकरच्या तळाशी वाळू आधीच तापलेली हवी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली. रस हातानेच पिळा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर केक कडू होतो.