सुट्या पानांचे जाणकार

खुलताबादला येणारा प्रवासी औरंगजेबाची कबर पाहतो, भद्रा मारुतीचे दर्शन घेतो आणि वेरूळच्या रस्त्याला लागतो. याच गावात, अमीर हसन सिजझी या जुन्या फारसी कवीच्या सान्निध्यात, मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांची कबर आहे. आझाद (१७०४-१७८६) यांना हयातीत मान मिळाला तो अरबी-फारसीचे कवी आणि चरित्रकार म्हणून. ग्रंथपाल हे पद त्यांनी कधी सांभाळले नाही. तरीही मोठ्या ग्रंथालयांच्या जाहिरातींत आज जी कौशल्ये मागतात ती त्यांच्यापाशी होती: अनेक भाषा, हस्तलिखितांची पारख, नोंदी ठेवण्याची शिस्त आणि हरवलेल्याचा माग काढण्याची चिकाटी. ही सगळी शिदोरी एका गावात बसून जमलेली नव्हती.

आझादांचा जन्म अवधमधल्या बिलग्रामचा. आईचे वडील मीर अब्दुल जलील बिलग्रामी हे नामांकित विद्वान. भाषा आणि काव्यशास्त्राचा पाया तिथेच पडला. तरुणपणी सिंधमधल्या सेहवान इथे त्यांनी मोगली अंमलाखाली बक्षी (सैन्याच्या पगाराचा अधिकारी) आणि वाकेनवीस यांच्या दप्तराचे काम पाहिले. रोजच्या घडामोडी टिपून वर कळवणे हे वाकेनवीसाचे काम. तारीख, ठिकाण आणि माणसाचे नाव यांत चूक चालत नसे. १७३७ च्या सुमारास ते हजला निघाले. मदिनेत मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे त्यांनी हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे, शिक्षण घेतले. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकेच महत्त्व तो कोणी कोणाकडून ऐकला, या साखळीला असते. पुस्तक कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, हे तपासणाऱ्या ग्रंथपालाला याहून चांगले शिक्षण कुठले?

परतताना सुरतेला उतरून आझाद औरंगाबादेत आले आणि पाणचक्कीच्या तकियात, म्हणजे सूफी मठात, राहिले. हा तकिया बाबा शाह मुसाफिर यांचा, आणि तेही मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. मध्य आशिया, अरबस्तान, सिंध आणि अवध यांचे धागे त्या वेळी खाम नदीच्या काठी येऊन मिळाले होते.

वर्षभर हरवलेला ग्रंथ

या शिदोरीचा कस लागला १७५८ मध्ये. दख्खनचे दिवाण शाहनवाज खान हे आझादांचे स्नेही. मोगल सरदारांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल-उमरा’ हा ग्रंथ ते वर्षानुवर्षे लिहीत होते. निजामाच्या दरबारी राजकारणात त्यांचा औरंगाबादेत खून झाला, घर लुटले गेले आणि हस्तलिखित नाहीसे झाले. सुमारे वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. आझादांनी शोध सोडला नाही. हाती लागली ती विस्कटलेली पाने. ती जुळवून त्यांनी ग्रंथ उभा केला, त्याला प्रस्तावना लिहिली आणि लेखकाचे चरित्रही जोडले. पुढे शाहनवाज खानांचे चिरंजीव अब्दुल हई यांनी भर घालून १७८० मध्ये तो पूर्ण केला. सातशेच्या वर चरित्रांचा हा ग्रंथ नंतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापला, हेन्री बेव्हरिज यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले, आणि मोगल काळाचा अभ्यासक आजही त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाही.

सुट्या पानांना क्रम लावायचा म्हणजे काय करायचे? जुन्या फारसी पोथ्यांत पानांवर आकडे असतीलच असे नाही. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरपा लिहून ठेवायची रीत होती. तो शब्द ज्या पानाच्या माथ्यावर सापडेल ते पुढचे पान. तळाचा कोपरा फाटला किंवा वाळवीने खाल्ला, की मग शाईचा रंग, नकलनवीसाचे वळण, ओळींची संख्या आणि शेवटी मजकुराचा अर्थ यांवर भिस्त. ज्याला भाषा येते पण कागद कळत नाही, तो इथे अडतो. ज्याला कागद कळतो पण इतिहास ठाऊक नाही, तोही अडतो.

आझादांनी खुलताबादच्या सत्पुरुषांवर ‘रौजत-उल-औलिया’ हे पुस्तकही लिहिले. पण या गावाचे ग्रंथांशी नाते त्यांच्याही आधीचे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली आणि दिल्लीचे विद्वान, सूफी, कारकून या टापूत आले. बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) त्यांतलेच. त्यांचे शिष्य रुक्नुद्दीन काशानी हे दबीर, म्हणजे लेखनिक. त्यांनी ‘शमाइल-उल-अतकिया’ हा संकलनग्रंथ रचला आणि त्यासाठी वापरलेल्या अडीचशेहून अधिक ग्रंथांची नावे नोंदवून ठेवली. चौदाव्या शतकात दख्खनच्या एका डोंगरमाथ्यावर कोणती पुस्तके वाचली जात होती, हे त्या यादीवरून कळते. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी खुलताबादवरच्या आपल्या ‘इटर्नल गार्डन’ (१९९२) या पुस्तकात तिची दखल घेतली आहे.

न्यू हेवनहून बडोद्याला

आधुनिक ग्रंथालयशास्त्र आपल्याकडे आले तेही असेच फिरून. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव महाराज झाला. १९०६ मध्ये त्यांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावले. बोर्डन यांनी १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला. भारतातला तो पहिला. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीलाही जागा होती.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बोर्डन यांनी ड्यूईची दशांश पद्धत जशीच्या तशी बडोद्यावर लादली नाही. ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण तयार केले. तीन वर्षांत ते मायदेशी परतले, पण घडवलेली माणसे इथेच राहिली. रंगनाथन यांचीही तऱ्हा तीच. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होऊन ते लंडनला गेले, बर्विक सेयर्स यांच्याकडे शिकले, तिथली ग्रंथालये पालथी घातली आणि परत आल्यावर १९३३ मध्ये स्वतःची कोलन पद्धत मांडली. परदेशातून विद्या आणावी, पण ती इथल्या मांडणीवर बसवताना हत्यार पुन्हा घासावे लागते, हे या दोघांनीही ओळखले होते.

उलट दिशेची वाटही आहे. लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयातल्या मराठी हस्तलिखितांची सूची १९५० मध्ये प्रसिद्ध झाली, ती ब्लुमहार्ट आणि एस. जी. कान्हेरे या दोघांच्या नावाने. १९६२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नवी दिल्लीत कार्यालय उघडले. धान्याच्या बदल्यात साचलेल्या रुपयांतून, पी. एल. ४८० या कायद्याखाली, भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली जाऊ लागली. त्यांत मराठीही होती. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांचा महाराष्ट्राचा खास अभ्यास. त्यांनी १९८१ मध्ये दक्षिण आशियावरची २८ हजारांवर नोंदींची सूची सिद्ध केली. अमेरिकेतल्या वाचकाला मराठी पुस्तक सापडते, त्यामागे दिल्लीत बसून नोंद करणारा भारतीय कर्मचारी असतो, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

आजचा उमेदवार

आता खुलताबाद तालुक्यातल्या एखाद्या मुलीने ग्रंथपालाचा पेशा निवडला असे धरू. पंचवीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, बी. लिब. आणि एम. लिब. तिथे होते. नंतर समोर येते ते १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचे अ, ब, क, ड वर्गांचे ग्रंथालय आणि त्याचे तुटपुंजे अनुदान. नाहीतर महाविद्यालयातली, वर्षानुवर्षे न भरलेली जागा. परदेशाकडे डोळे लागले तर नवल नाही.

पण तिथले दार नुसत्या पदवीने उघडत नाही. अमेरिका आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन (ए. एल. ए.) या संघटनेने मान्यता दिलेली पदव्युत्तर पदवी मागतात. बाहेरची असेल तर तिचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये सिलिप ही संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि अनुभवाच्या आधारावर ‘चार्टर्ड’ दर्जाही देते. मार्क २१ चा नोंदसाचा, आर. डी. ए. चे सूचीकरणाचे नियम आणि लिप्यंतराचे तक्ते मात्र सगळीकडे जवळपास तेच, आणि ते इथे बसूनही शिकता येतात.

एक साधी नोंद घ्या. आझाद यांचे नाव कुठे ‘आझाद बिलग्रामी’, कुठे ‘गुलाम अली’, कुठे ‘मीर गुलाम अली हुसैनी’ असे येते. शोधणाऱ्याला ती तिन्ही एकाच माणसाची आहेत हे कळावे म्हणून एक नाव प्रमाण ठरवून बाकीची त्याला जोडावी लागतात. जन्म हिजरी १११६ चा; हे वर्ष १७०४ च्या मे महिन्यात सुरू होऊन १७०५ मध्ये संपते. महिना माहीत नसेल तर इसवी सन लिहिताना हात थबकायलाच हवा. हे काम तंत्राचे आहे आणि हिजरी पंचांग, फारसी नामपद्धती, दख्खनचा इतिहास यांचेही आहे.

म्हणून अशा उमेदवाराने आधी शेजारच्या विद्येकडे पाहावे. मराठवाड्यात फारसी आणि उर्दू वाचणारे वडीलधारे अजून आहेत. निजामी अंमलातली दप्तरे आहेत, मोडी रुमाल आहेत. एम. लिब.च्या जोडीला फारसी आणि मोडी, त्यावर मार्कची नोंद अशी बेरीज करणारी माणसे जगातल्या कुठल्याही हस्तलिखित संग्रहाला हवी असतात. त्यांनी लंडन-शिकागोला जरूर जावे, तिथली शिस्त हातात बसवावी. पण सूचीचा पहिला धडा खुलताबादच्या परिसरातच, घराघरांतल्या जुन्या पोथ्यांवर, मालकाच्या परवानगीने गिरवावा: कर्ता, नकलनवीस, हिजरी सन, पाने, ओळी, शिक्के, पहिली ओळ, शेवटची ओळ. एवढ्या आठ रकान्यांची वही भरली, तरी मुलाखतीत दाखवायला त्याहून वजनदार कागद दुसरा नसेल, आणि गावालाही आपल्याकडे काय आहे ते पहिल्यांदा कळेल.