कोरड्या डोळ्यांची कारणे

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचगंगा ५५ फुटांपलीकडे गेली, आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्यास आलेल्या तलाठ्यासमोर खचलेली भिंत, वाहून गेलेली म्हैस, कुजलेले धान्य यांचा तपशील ज्यांनी कोरड्या डोळ्यांनी सांगितला, त्यांना निष्ठुर म्हणणे हा अन्याय होय. कारण दुःख असह्य झाले म्हणजे मन काही काळ भावनांचा दरवाजाच लावून घेते, आणि आसवे कित्येकदा महिन्यांनी, एखाद्या क्षुल्लक निमित्ताने येतात. तीव्र नैराश्यातही रडू येईनासे होते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही.

शारीरिक कारण निराळे. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली सविस्तर वर्णिलेल्या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते, म्हणून भाकरीचा घासही पाण्यावाचून उतरत नाही. परीक्षा अगदी साधी: खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटे डोळे मिटायचे; ओल ५ मिलिमीटरसुद्धा चढली नाही, तर अश्रूंचा तुटवडा गंभीर समजतात. ‘रड गं बाई, मोकळी होशील’ असा आग्रह अशा रुग्णाला कृपा करून करू नये. तिला कृत्रिम अश्रूंचे थेंब हवे असतात.