कामिरीथू : गावाने बांधलेले नाट्यगृह

केनियाची राजधानी नैरोबीपासून साधारण ३० किलोमीटरवर लिमुरू आहे. सभोवती चहाचे मळे, जवळच बाटाचा जोड्यांचा कारखाना आणि त्याला लागून कामिरीथू ही वस्ती. १९५०च्या दशकात माउ माउ उठाव मोडून काढण्यासाठी ब्रिटिशांनी शेतकऱ्यांना घरांतून उठवून पहाऱ्यातल्या वसाहतींत डांबले. कामिरीथू ही त्यांतलीच एक. वसाहतवादापासून रंगभूमी मुक्त करण्याचा एक असामान्य प्रयोग १९७७ मध्ये याच वस्तीत झाला.

केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, पण नैरोबीचे राष्ट्रीय नाट्यगृह इंग्रजी वळणाचेच राहिले. १९५२ मध्ये, इंग्रजांच्या अमलात, ते सुरू झाले होते. १९७६ मध्ये स्वातंत्र्यसेनानी देदान किमाथी यांच्यावरील नाटकाला तिथे मोजक्याच तारखा मिळाल्या, कारण युरोपीय कार्यक्रमांनी तारखा आधीच अडवल्या होत्या. त्या नाटकाचे सहलेखक न्गुगी वा थिओंगो हे तोवर इंग्रजीत लिहिणारे नामवंत कादंबरीकार आणि नैरोबी विद्यापीठातले प्राध्यापक होते.

कामिरीथूत प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालत. त्या वर्गांच्या कामातूनच नाटकाची कल्पना पुढे आली. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी लोकांच्या गिकुयू भाषेत ‘न्गाहिका न्डेंडा’, म्हणजे ‘मनात येईल तेव्हा लग्न करीन’, हे नाटक लिहिले. किगुंडा या मजुराची दीड एकर जमीन श्रीमंत मालक बँकेच्या कर्जाच्या फासात अडकवून कशी गिळतो, ही त्याची गोष्ट. दिग्दर्शक होते किमानी गेचाऊ.

तालमी उघड्यावर होत आणि कोणीही येऊन पाहू शके. म्हातारी माणसे नटांची भाषा सुधारत, जुनी गाणी व विधी नीट करून दाखवत. कामगार कारखान्यातली वस्तुस्थिती सांगत आणि त्याप्रमाणे संहिता बदलत जाई. नट म्हणजे गावातलेच शेतकरी, कामगार, शिक्षक. नाट्यगृहाचा आराखडा गावकऱ्यांनी आधी जमिनीवर काड्यापेटीच्या काड्या मांडून केला, मग त्याची छोटी प्रतिकृती बनवली आणि त्याबरहुकूम २,००० हून अधिक आसनांचे खुले नाट्यगृह उभे केले. अर्धवर्तुळाकार रंगमंच, मागे बांबूची भिंत, वर छप्पर नाही. प्रेक्षक आणि नट यांना वेगळे करणारा पडदाही नाही.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी पहिला प्रयोग झाला आणि गर्दी लोटली. १६ नोव्हेंबरला सरकारने परवाना काढून घेतला. ३१ डिसेंबरला न्गुगी वा थिओंगो यांना अटक झाली आणि खटला न चालवता वर्षभर कामिटी तुरुंगात ठेवले गेले. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. पुढे १९८२ मध्ये याच मंडळींच्या दुसऱ्या नाटकालाही परवानगी नाकारली गेली आणि मार्चमध्ये पोलिसांनी कामिरीथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले.

आपल्याकडे खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, तेव्हा राज्य परक्यांचे होते. कामिरीथूत बंदी घालणारे सरकार स्वकीयांचे होते. परवान्याचे आणि विनाखटला कैदेचे हत्यार मात्र गोऱ्या साहेबाकडून वारशाने आलेले. तेव्हा देशी कथानक घेतले, देशी वेश चढवला, एवढ्याने रंगभूमी स्वतंत्र होत नाही. नाटक कोणाच्या भाषेत होते, जागा कोणाची, तालमीत कोणाला बोलता येते आणि परवाना कोणाच्या हाती, हे चारही प्रश्न सोडवावे लागतात. कामिरीथूने पहिल्या तिन्हींची उत्तरे दिली. चौथ्यापाशी तिला अडवण्यात आले.

न्गुगी वा थिओंगो यांचे मे २०२५ मध्ये अमेरिकेत निधन झाले. त्याआधी तीन वर्षे, मे २०२२ मध्ये, ‘न्गाहिका न्डेंडा’चे प्रयोग नैरोबीच्या त्याच राष्ट्रीय नाट्यगृहात, गिकुयू आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत झाले.