दिल्लीतील सैनिक स्मारके
दिल्ली व तिच्या परिसरात युद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तू. सत्तांतराबरोबर या स्मारकांचा अर्थही बदलत गेला. मराठ्यांशी थेट संबंध असलेला स्तंभ यमुनेच्या पूर्वेस, नोएडातील (उत्तर प्रदेश) गोल्फ मैदानात आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने शिंद्यांच्या बूर्कँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखालील फौजेचा पराभव केला, त्या लढाईचा तो निदर्शक होय.

सर्वांत बोलके स्मारक उत्तर दिल्लीच्या टेकडीवर आहे. १८५७ मध्ये दिल्लीला वेढा देणाऱ्या इंग्रजी सैन्यातील मृतांसाठी १८६३ मध्ये हा तांबड्या वालुकाश्माचा, गॉथिक शैलीतील अष्टकोनी मनोरा बांधण्यात आला. त्यावरील लेखांत युरोपीय व एतद्देशीय सैनिकांची गणना स्वतंत्र आहे. शत्रू म्हणून उल्लेखिलेले लोक अर्थातच शहराचे रक्षण करणारे भारतीय होते. १९७२ मध्ये मनोऱ्यास 'अजितगढ' हे नाव देण्यात आले व त्या 'शत्रूंना' स्वातंत्र्यवीर म्हणणारा फलक तेथे बसविला गेला. मूळचे लेख मात्र खोडले नाहीत. दोन्ही मजकूर एकाच ठिकाणी वाचावयास मिळतात, हे योग्यच झाले. जवळच, काश्मीरी दरवाजापाशी, हल्ल्यात मारला गेलेला ब्रिगेडिअर निकल्सन याची कबर आहे.

पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्यातील सत्तर हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ लट्येन्झने आखलेल्या, सु. ४२ मी. उंच इंडिया गेटची कोनशिला १९२१ मध्ये बसविण्यात आली व उद्‌घाटन १९३१ मध्ये झाले. तीवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. त्यांत १९१९ च्या अफगाण युद्धातील मृतांचाही समावेश होतो. तीन मूर्ती (१९२२) हे स्मारक जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांचे आहे. त्यांपैकी पहिल्या दोघांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकले. २०१८ पासून चौकाच्या नावात हैफाचाही अंतर्भाव झाला.

स्वतंत्र भारताच्या सैनिकांचे स्वतःचे राष्ट्रीय स्मारक दिल्लीत दीर्घकाळ नव्हते. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी इंडिया गेटच्या कमानीखाली 'अमर जवान ज्योती' प्रज्वलित करण्यात आली. पण वरील कोरीव नावे परकीय राजसत्तेसाठी लढलेल्यांचीच राहिली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी शेजारीच राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या समकेंद्री वर्तुळांपैकी 'त्यागचक्रा'तील ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटची ज्योत येथील ज्योतीत विलीन करण्यात आली.