घरचा ब्रेड: घड्याळाकडे नको, पिठाकडे बघा

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा येतो, "ताई, ब्रेड घरी होतो का? आणि झाला तर विकता येईल का?" होतो. ओव्हन नसला तरी होतो. विकण्याचं शेवटी बोलू, कारण आधी तो नीट फुगला पाहिजे.

पाव पायानं मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असं आपल्याकडे सर्रास सांगतात आणि काही घरांत त्यापायी पाव खातही नाहीत. तसं काही नाही. हा शब्द पोर्तुगीज लोकांचा. त्यांच्या भाषेत ब्रेडला 'पांव' म्हणतात. ते गोव्यात आले तेव्हा आजच्यासारखी यीस्टची पुडी कुठली? तिथले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर पिठात घालायचे आणि पीठ फुगायचं. सुरेत जे काम करायचं तेच आज पुडीत वाळवून मिळतं.

ते म्हणजे यीस्ट. ही सोड्यासारखी पावडर नाही, हा बारीक जीव आहे. पुडीत तो झोपलेला असतो. ओलावा, ऊब आणि थोडी साखर मिळाली की जागा होतो, खायला लागतो आणि वायू सोडतो. त्या वायूनं पीठ फुगतं. इडलीचं, आंबोळीचं पीठ उन्हाळ्यात लवकर आणि थंडीत उशिरा येतं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. इथंही तेच आहे.

आता माप. वाट्या घराघरात वेगळ्या असतात, म्हणून वजनच सांगते. मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक सपाट छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा, तेल दीड मोठा चमचा आणि पाणी १८० ते २०० मिली. एवढ्यात साधारण साडेचारशे ग्रॅमचा एक ब्रेड होतो.

बहुतेकींचा ब्रेड बिघडतो तो पाण्यापाशी. पाणी कोमट हवं. मनगटावर थेंब टाकला तर गार नाही, गरमही नाही, असं. बाळाला अंघोळ घालताना कोपरानं बघतो, त्याहून गरम नकोच. पाणी कढत असेल तर यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट कितीही वेळ ठेवलं तरी उठत नाही. पुडी जुनी वाटली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर जिवंत आहे. फेस नाही आला तर तीनशे ग्रॅम मैदा वाया घालवू नका.

मैद्यात यीस्ट आणि साखर मिसळा. मीठ दुसऱ्या बाजूला घाला, थेट यीस्टवर नको, त्यानं ते मंदावतं. पाणी घालून गोळा करा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला थोडं चिकटणारं पीठ हवं. चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत बसू नका, ब्रेड दगड होतो. तेल घाला आणि दहा-बारा मिनिटं मळा. तळहातानं पुढं ढकला, घडी घाला, परत ढकला. लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी हळू ताणून बघा. न फाटता पातळ पापुद्रा झाला, पलीकडचा उजेड दिसला, की मळणं झालं.

हा पापुद्रा का लागतो? गव्हात एक चिवट प्रथिन असतं, ग्लुटेन. मळलं की त्याची जाळी होते आणि यीस्टचा वायू त्या जाळीत अडकतो. ज्वारी-बाजरीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते, पोळीसारखी ताणत नाही. "ताई, नुसत्या ज्वारीचा ब्रेड सांगा" असं मला नेहमी विचारतात. या रीतीनं तो होत नाही. मात्र ३०० ग्रॅममध्ये पन्नास-साठ ग्रॅम ज्वारीचं पीठ चालतं, चवही छान येते. निम्मी कणीक घेतली तर पाणी दोन-तीन चमचे जास्त लागेल आणि ब्रेड थोडा बसका होईल. खपली गव्हाचा त्याहून बसका.

मळलेलं पीठ तेलाच्या पातेल्यात झाकून ठेवा. किती वेळ? वैशाखात पाऊण तासात दुप्पट होईल, पौषात दोन-अडीच तास घेईल. म्हणून घड्याळ बघू नका. बोट ओलं करून पिठात रुतवा. खड्डा हळूहळू थोडासाच भरून आला तर तयार. झटकन भरला तर अजून थांबा. सगळं पीठच खाली बसलं तर जास्त झालं. परत मळून पुन्हा फुगवा.

मग वायू दाबून काढा, घट्ट गुंडाळी करा आणि तेल लावलेल्या डब्यात जोड खाली करून ठेवा. पीठ डब्याच्या निम्म्यापर्यंतच असावं. काठाशी आलं की भाजायचं.

ओव्हन नसेल तर जुनं जाड पातेलं घ्या. रोजचा कुकर कोरडा तापवून खराब करू नका. तळाला जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, वर रिंग ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. डबा आत ठेवा, आच थोडी कमी करा. चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका. वरची बाजू पांढरी राहते, कारण उष्णता खालून येते. चुलीवर असाल तर झाकणावर निखारे ठेवा. गॅसवर असाल तर ब्रेड डब्यातून काढून तव्यावर उलटा करून दोन-चार मिनिटं शेका. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. मुलं कितीही मागं लागली तरी तासभर कापू नका, आतली वाफ जिरेपर्यंत तो चिकटच असतो.

घरचा ब्रेड उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवा. बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नका, सगळा टाका. कुणी ब्रेड मऊ व्हायला एखादी पावडर विकायला आलं तर घेऊ नका. पोटॅशियम ब्रोमेट नावाचं असंच एक रसायन बेकरीत वापरायचे, आपल्या देशात २०१६ साली त्यावर बंदी आली.

आता विक्री. काही गट लगेच मोठ्या ओव्हनसाठी कर्ज मागतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी वही, मग ओव्हन. दहा ब्रेड करा आणि प्रत्येकाचा मैदा, तेल, यीस्ट, गॅस आणि तुमचे तास लिहा. एका ब्रेडला पाऊण तास गॅस जाळला तर तिथंच नफा संपतो, म्हणून मोठ्या पातेल्यात दोन-तीन डबे एकदम बसवा. साध्या पांढऱ्या ब्रेडमध्ये कारखान्याच्या भावाशी आपला टिकाव लागणार नाही. लसूण-कोथिंबिरीचा किंवा ज्वारी घातलेला करा, बाजाराच्या दिवशी ताजा न्या, आदल्या दिवशी मागणी घ्या. विकायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरून विकलं तरी लागते. पाकिटावर वजन, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावा, हे घालावं लागतं.

यीस्टचं मोठं पाकीट एकटीनं घेऊ नका. फोडलं की हवेनं मरत जातं. चौघींनी मिळून घ्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटून फ्रीजमध्ये ठेवा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी छोट्या पुड्याच आणा. आणि दहा ब्रेडची वही पुढच्या बैठकीला घेऊन या, हिशोब तिथं एकत्र बसून करू.