फिकट चट्टा : कुष्ठरोग की लसीकार्बुद?

शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील एखाद्या शेतकऱ्याच्या मांडीवर फिकट चट्टे उमटले, तर घरच्यांना शिबे, नायटा किंवा कोड यांची शंका येते व डॉक्टरांच्या मनात कुष्ठरोगाचा विचार येतो. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे रुग्ण अद्यापि आढळत असल्याने तो विचार योग्यच होय. तथापि क्वचित् प्रसंगी असे चट्टे त्वचेच्या लसीकार्बुदाचे, म्हणजे लिंफोमाचे, असू शकतात.

त्वचेच्या लसीकार्बुदांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे ‘मायकोसिस फंगॉइडिस’. पॅरिस येथील आलिबेर या वैद्याने १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्णाच्या गाठी अळंब्यांसारख्या भासल्या म्हणून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा संबंध नाही. टी-लसीकापेशींची त्वचेत होणारी अनिर्बंध वाढ हे त्याचे खरे स्वरूप होय. त्याचा फिकट चट्ट्यांचा प्रकार सावळ्या वर्णाच्या लोकांत व तरुण वयात विशेषेकरून दिसतो.

निदानाची पहिली पायरी ग्रामीण रुग्णालयातही चढता येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा मंदावलेली असते व काही रुग्णांत मज्जातंतू हातास जाड लागतात. लसीकार्बुदात संवेदना सामान्यतः शाबूत राहते. चट्टे कपड्याने झाकलेल्या भागावर असून वर्षानुवर्षे टिकले, तर संशय बळावतो.

दुसरी पायरी बायॉप्सीची. तत्पूर्वी काही आठवडे स्टेरॉइडयुक्त मलम बंद ठेवावे लागते. अन्यथा विकृत पेशी विरळ होऊन निदान हुकते. सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या घड्यांची केंद्रके असलेल्या पेशी बाह्यत्वचेत शिरलेल्या दिसतात. प्रारंभी हे चित्र इसबासारखे असल्याने एकाच अहवालावर निर्णय देणे इष्ट नव्हे. निरनिराळ्या चट्ट्यांतून पुनःपुन्हा नमुने घ्यावे लागतात. पेशींवरील विशिष्ट प्रथिनांचे रंजन व टी-पेशींची जनुकीय तपासणी पुरावा दृढ करतात. परंतु शेवटचा निर्णय रुग्ण व नमुना एकत्र पाहूनच होतो.

येथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. कुष्ठरोग नजरेतून सुटला तर हातापायांत व्यंग येऊ शकते; त्याचा शिक्का चुकून बसला तर सहा वा बारा महिन्यांची अनावश्यक औषधे व लोकापवाद पदरी येतात. उलटपक्षी, चट्ट्यांच्या अवस्थेतच ओळखलेले हे लसीकार्बुद बहुधा संथ असते व प्रकाशोपचाराने आटोक्यात राहते. म्हणूनच उपचारांना न जुमानणाऱ्या चट्ट्याची पुन्हा तपासणी करणे अगत्याचे होय.