आगीचा बंब

भोंगा वाजवीत आगीचा बंब रस्त्यावरून धांवूं लागला म्हणजे वर्गांतील एकहि विद्यार्थी पुस्तकाकडे पाहत नाहीं, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. त्याचा तांबडा रंग, लांब शिडी व वेग पाहून मन मोहून जातें. परंतु बंब विकत घेणाऱ्यानें व चालविणाऱ्यानें ह्या मोहापासून दूर राहिलें पाहिजे. कारण बंब म्हणजे प्रथमतः पाण्याचें ओझें होय, आणि ह्या ओझ्याचा विचार न केल्यास आगीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच प्राण जातात.

एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. तेव्हां ४,५०० लिटरांची टाकी भरली कीं साडेचार टन ओझें गाडीवर चढतें. पंप, नळ्या व माणसें ह्यांचें वजन निराळेंच. म्हणून बंब किती मोठा घ्यावा हें ठरविण्यापूर्वीं गांवांतील गल्ल्यांची रुंदी, वळणें आणि पुलांची शक्ति मोजावी. जुन्या पेठेच्या तोंडाशींच अडकून पडणाऱ्या प्रचंड बंबापेक्षां आंत शिरणारा लहान बंब बरा, असें आम्हांस वाटतें. पाणी कोठून मिळणार हेंहि पाहावें. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. वस्तुतः बाहेरील हवेचा दाब तें वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब पाणी सुमारें १०.३ मीटरच उचलूं शकतो, व व्यवहारांत सात मीटरांच्या पलीकडे फारशी आशा धरूं नये. दख्खनच्या खोल विहिरीवर बंब नुसता उभा करून काय उपयोग? तेथें विहिरींत सोडावयाचा निराळा पंप बरोबर हवा.

नळ्यांचे जोड ही गोष्ट क्षुल्लक दिसते. फेब्रुवारी १९०४ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहर पेटलें, तेव्हां वॉशिंग्टन व फिलाडेल्फिया येथील बंब आगगाडीनें साह्यास आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यावरील नळांस बसेनात. माणसें, यंत्रें व पाणी सर्व हजर असतांना सुमारें १,५०० इमारती जळाल्या. आपल्याकडे ६३ मिलिमीटरांचा झटपट बसणारा जोड प्रचारांत आहे; नवा बंब घेतांना शेजारच्या गांवाची नळी त्यास बसते कीं नाहीं, हें प्रत्यक्ष लावून पाहावें. शिड्या, कुऱ्हाडी, दोर, धुरांत श्वास घेण्याचीं साधनें हीं तर हवींतच. मात्र टाकी रिकामी असेल तर हा सारा थाट दहा कुमारींच्या दृष्टांतांतील पांच मूर्ख कुमारींच्या दिव्यांसारखा ठरेल.

आतां चालविण्याविषयीं. भरलेली टाकी जड असते खरी, पण अर्धी भरलेली टाकी अधिक दगा देते. वळणावर आंतील पाणी एका बाजूस उसळतें आणि गाडीस आपल्याबरोबर ओढून नेतें. ह्यासाठीं टाकींत भोंकें पाडलेले आडवे-उभे पडदे बसवितात; तरीहि टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवून प्रवास करणें हेंच शहाणपणाचें. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर सुमारें चौपट होतें. चाक रस्त्याच्या मऊ कडेवर उतरलें असतां तें एकदम जोरानें वर ओढूं नये. तसें करतांनाच गाडी उलटते. सर्वांनीं बसून, पट्टे बांधून जावें. पाठीमागें लोंबकळत जाण्यांत शौर्य नाहीं.

आगीपाशीं बंब वाऱ्याच्या दिशेकडून, व तोंड परतीच्या वाटेकडे करून उभा करावा. दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टाइकिन ह्या जहाजास आग लागली. त्याच्या पोटांत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. बंबवाले शेवटपर्यंत पाणी मारीत होते. स्फोट झाला, आणि त्यांच्यापैकीं ६६ जण प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजहि भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आमच्या विद्यार्थ्यांनीं जवळच्या बंबखान्यांत जाऊन टाकी, आटे व चाकें अवश्य पाहून यावीं.